एस्सिटालोप्राम सुरू झाल्यापासून वजन वाढतंय. बंद करू की बदलून मागू?

अबोली_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. वय ३४, नाशिकला अंबडमध्ये एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. मागच्या पावसाळ्यात अचानक छातीत धडधड, हातपाय गार पडणं, आता आपलं काही खरं नाही असं वाटणं सुरू झालं. मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली की घशाला कोरड पडायची. ईसीजी, टूडी इको, सगळं नॉर्मल. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी घबराटीवरची एस्सिटालोप्राम १० दिली, सोबत सुरुवातीला जीव शांत करणारी क्लोनाझेपाम. ती नंतर त्यांनीच हळूहळू बंद केली.

गोळी लागू पडली, हे आधीच सांगते, नाहीतर लोक म्हणतील औषधाच्या नावाने खडे फोडतेय. महिन्याभरात झोप लागायला लागली. आता गाडी चालवते, मीटिंगमध्ये बोलते, रात्री उठून नाडी मोजत बसत नाही.

पण वजन! ५७ वरून ६६. आधी कधी नव्हती अशी भूक लागते, तीही रात्री साडेअकराला. सगळे झोपले की मी ओट्यापाशी उभी राहून शेव-चिवड्याचा डबा रिकामा करते, आणि त्यावर काहीतरी गोड हवंच. भावाचं लग्न तोंडावर आलंय. शिंप्याने ब्लाउजची आतली शिवण उसवून पाहिली आणि म्हणाला, "ताई, आता आत कापड शिल्लक नाही." सासूबाई म्हणतात तब्येत सुधारली. त्या मनापासून म्हणतात, म्हणून जास्तच लागतं.

मागच्या वेळी डॉक्टरांना विचारलं तर "जीव सांभाळायचा की वजन?" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. आता वजनकाट्याकडे जायचं म्हटलं तरी धडधडतं. म्हणजे ज्यासाठी गोळी घेतेय तेच परत. लग्नापुरती गोळी बंद केली तर चालेल का? कुणी बदलून घेतली आहे का?

शिफ्टवाला_सातपूर

बंद करू नकोस. मी याच जातीच्या पॅरॉक्सेटिनवर होतो. बरं वाटतंय म्हणून मनानेच सोडली. दोन दिवसांत चक्कर, मळमळ, मान वळवली की डोक्यात करंट मारल्यासारखं. मशीनवर उभं राहता येईना. मला वाटलं आजार उलटला, पण तो गोळी अचानक तोडल्याचा परिणाम होता. या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही, पण शरीराला त्यांची सवय झालेली असते. सोडायची तर पायरी-पायरीने, डॉक्टरांच्या हिशोबाने.

कोथिंबीरवडी

मी रोज सकाळी जिरं-ओव्याचं कोमट पाणी घेते. मैत्रिणीने फॅट बर्नर पावडर घेतली, तिचं महिन्यात चार किलो उतरलं. नाव हवं असेल तर सांगते.

गोळ्यापुड्या

कोथिंबीरवडी, जिऱ्याचं पाणी पी बाई, कुणाचं काही बिघडत नाही. पावडर मात्र नको. असल्या पावडरींत बरेचदा कॅफीन भरपूर असतं. धडधडीच्या पेशंटला ते म्हणजे आगीत तेल. 'वजनासाठी' कुणाची तरी थायरॉईडची गोळी घेणारेही पाहिलेत. तेही तसंच.

अबोली, माझं औषधाचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे मला माहीत आहे तेवढंच सांगतो. अशा घबराट-नैराश्यावरच्या गोळ्यांनी वजन वाढू शकतं, पण सगळ्यांचं वाढत नाही आणि सगळ्या गोळ्यांचा परिणाम सारखा नसतो. पॅरॉक्सेटिन त्याबाबत बदनाम आहे. फ्लुऑक्सेटिनवर सुरुवातीला कित्येकांची भूक उलट कमी होते. मिर्टाझापिनने भूक चांगलीच खवळते, इतकी की वजन घटलेल्या पेशंटला काही वेळा ती मुद्दाम देतात. २०२४ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिन्यांनी एस्सिटालोप्रामवाल्यांचं वजन सर्ट्रालिन नावाची गोळी घेणाऱ्यांपेक्षा सरासरी जास्त भरलं, पण फरक अर्ध्या किलोहूनही कमी. सरासरी ती सरासरी, एखाद्याचं खूप वाढू शकतं. पण नऊ किलोचं सगळं खापर एकट्या गोळीवर फोडण्याआधी दोन गोष्टी सांग. धडधड सुरू होण्याआधी, चांगली होतीस तेव्हा, वजन किती होतं? आणि थायरॉईड कधी तपासलंय?

अबोली_इंदिरानगर

अगं बाई, हे डोक्यातच आलं नव्हतं. त्याआधी ६२-६३ असायचं. पावसाळ्यात घास उतरत नव्हता, त्यात ५७ झालं. तेव्हा ऑफिसात सगळ्या विचारायच्या, कुठलं डाएट करतेस! थायरॉईड बाळंतपणात केलं होतं, त्यानंतर नाही.

गोळ्यापुड्या

म्हणजे नऊपैकी पाच-सहा किलो तुझे स्वतःचेच, आजाराने नेलेले परत आले. वरचे तीन-चार किलो खरे वाढीव. त्याला गोळी कारण असेल, रात्रीचा डबा असेल किंवा थायरॉईड. थायरॉईडची टीएसएच तपासणी करून घे. थायरॉईड कमी पडलं तरी वजन वाढतं.

सकाळचीफेरी

अबोली, मी एस्सिटालोप्रामवरून सर्ट्रालिनवर आले, डॉक्टरांनीच बदलून दिली. वजन वाढायचं थांबलं, पण उतरलं मात्र चालण्याने. मधले काही आठवडे पोट बिघडलेलं आणि झोप उडालेली होती, त्यामुळे ऐन लग्नाच्या तोंडावर बदलू नकोस असं माझं मत. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी ये, बायकांचा मोठा घोळका असतो. रविवारी फेरी झाल्यावर सगळा घोळका मिसळ खायला जातो हे खरं, पण त्याला इलाज नाही. नाशिक आहे.

रात्रीच्या भुकेचं माझं निरीक्षण: मी संध्याकाळी सहाला काही खायची नाही, म्हणून अकराला डबा शोधायची. सहाला उसळ किंवा उकडलेलं अंडं खायला लागले आणि ती भूक पुष्कळ आवरली. शेव घरात आणणं बंद करता आलं तर उत्तमच, पण सासरी ते आपल्या हातात नसतं.

आणि डॉक्टरांना "वजन वाढलं" एवढंच म्हणू नकोस. कागदावर लिहून ने: आजाराआधी किती, गोळी सुरू करताना किती, आता किती, भूक कधी लागते. शेवटी एक ओळ, 'या काळजीने गोळी सोडावीशी वाटतेय.' ती ओळ वाचली की कुठलाही डॉक्टर मान वर करून बघतो. नाहीच बघितलं तर दुसरं मत घे, त्यात गैर काही नाही.

शिफ्टवाला_सातपूर

मधल्या काळात रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर १४४१६ वर फोन लाव. सरकारी टेलिमानस आहे, फुकट, मराठीत बोलतात. मी बोललोय.

अबोली_इंदिरानगर

सगळ्यांचे आभार. गोळी चालूच ठेवतेय. ब्लाउजचं नवीन कापड घेतलं, तो प्रश्न शिंप्यापुरताच होता. डॉक्टरांची शनिवारची वेळ मिळालीये, कागद लिहून ठेवलाय. शेवटची ओळ नवऱ्याने वाचली आणि तो म्हणाला मीही आत येतो. त्याआधी टीएसएच आणि साखर दोन्ही करून नेते. उपाशीपोटी जायचं ना?

गोळ्यापुड्या

टीएसएचला गरज नाही, उपाशीपोटीच्या साखरेला आहे. सकाळी चहाच्या आधी जा, दोन्ही एकाच टोचणीत होतील. आणि साखरेसाठी उपाशी राहायचं म्हणून आदल्या रात्रीची गोळी चुकवू नकोस.