बँक आणि मतपेटी एक नव्हे

‘बँकेचे व्यवहार ऑनलाइन होतात, मग मतदान का नको?’ हा प्रश्न रास्त आहे, पण दोन्हींत मुळातच फरक आहे. बँकेत घोळ झाला तर नावानिशी नोंद सापडते, पैसे परत मिळू शकतात. मतदानात आधी ओळख पटवायची आणि लगेच ती मतापासून तोडायची. मागाहून शोधायला धागाच उरता कामा नये.

युरोपातल्या एस्टोनिया या छोट्या देशात २००५ पासून इंटरनेटवरून मतदान होतं. घरात कुणी शेजारी बसून दबाव आणला, तर पुन्हा मत देता येतं, शेवटचंच धरतात. ही सोय मला फार आवडते. तरी २०१७ मध्ये तिथे मतदानासाठीही वापरल्या जाणाऱ्या ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष निघाला आणि लाखो कार्डांची, ऑनलाइन ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रं स्थगित करावी लागली.

ओळख पटवायला बोटांचे ठसे घेतात, त्याची मला जास्त धास्ती वाटते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार? माझ्या आईच्या अंगठ्याच्या रेषा कामाने झिजल्यात. पदराला बोट पुसून ती चार-चारदा यंत्रावर ठेवते, लाल दिवाच लागतो आणि मागची रांग चुळबुळते. अशांना माणसाने समोर पाहून, कागद तपासून सेवा द्यायची तरतूद नियमातच हवी.