एअर सिलोन नेमकी कशामुळे बंद पडली?

जुनं_वेळापत्रक: जुनी विमान-वेळापत्रकं जमवतोय. एकावर श्रीलंकेच्या जुन्या एअर सिलोनबरोबर डच विमानकंपनी केएलएमचं नाव आहे, दुसऱ्यावर ब्रिटिश बीओएसीचं. कंपनी होती तरी कुणाची? आणि नाव बदलून तीच एअर लंका झाली का?

डकोटाप्रेमी: कंपनी सरकारचीच, पण लांब पल्ल्याची विमानं बहुतेक पाहुण्यांची. १० डिसेंबर १९४७ ला पहिलं उड्डाण झालं, कोलंबोजवळच्या रत्मलानाहून उत्तरेतल्या कांकेसंतुरैमार्गे मद्रासला, डकोटा या पंख्याच्या विमानाने. देश स्वतंत्र व्हायला अजून दोन महिने होते! माझ्या मते असली जवळची उड्डाणं हाच त्यांचा खरा धंदा. पण लंडनला जायची हौस. त्यासाठी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल एअरवेजला ४९ टक्के वाटा दिला. मग १९५६ ला केएलएम, १९६२ ला बीओएसी, १९७२ ला फ्रेंच यूटीए. जोडीदार निघाला की त्याचं विमानही निघालं, पुन्हा नवा घरोबा. तुमची वेळापत्रकं त्या-त्या संसाराची आहेत. स्वतःचं जेट आलं १९६९ मध्ये, तेही एकच ट्रायडंट. ते दुरुस्तीला गेलं की काय, हे विचारू नका.

कटुनायके: मी तर ऐकलं होतं की बॉम्बस्फोटामुळे बंद पडली?

डकोटाप्रेमी: नाही हो. ७ सप्टेंबर १९७८ ला रत्मलानावर उभ्या त्यांच्या अॅव्रो विमानात स्फोट झाला हे खरं, नेमका नवी राज्यघटना लागू झाली त्या दिवशी. पण कंपनी तोवर मोडकळीला आलेलीच होती. राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या सरकारने ती सावरण्यापेक्षा १ सप्टेंबर १९७९ ला नवी एअर लंका उडवली. सुरुवात कशाने? सिंगापूर एअरलाइन्सकडून भाड्याने घेतलेल्या बोइंग ७०७ ने! खोड तीच.

जुनं_वेळापत्रक: मग श्रीलंकन एअरलाइन्स?

डकोटाप्रेमी: ती एअर लंकाच. १९९८ मध्ये एमिरेट्सने ४० टक्के वाटा आणि कारभार घेतला, पुढच्या वर्षी नाव बदललं. हा जोडीदार त्यातल्या त्यात बरा होता. पण २००७ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष राजपक्ष यांच्या लवाजम्यासाठी लंडनहून येणाऱ्या विमानातल्या तिकीटवाल्या प्रवाशांना उतरवायला कंपनीने नकार दिला. मुख्याधिकारी पीटर हिल यांचं वर्क परमिटच रद्द झालं, आणि २००८ मध्ये एमिरेट्सने कारभार सोडला. त्याच २००७ साली सरकारने स्वस्तातली मिहिन लंकाही काढली होती. तीही २०१६ मध्ये गुंडाळली.

बाकी, ते केएलएमवालं वेळापत्रक कोणत्या सालचं आहे? फोटो टाका ना.