कोरोनाचे निर्बंध उठले, पण घरात त्या दोन वर्षांबद्दल कुणी बोलतच नाहीये. आठवणी जपायच्या की राहू द्यायच्या?

मधली_सून

नमस्कार मंडळी. जून २०२२ उजाडला, शाळा, ऑफिस, लग्नं, प्रवास सगळं सुरू झालंय, मास्कची सक्ती पण गेली. आमच्या दारामागच्या खिळ्यांना मास्क मात्र अजून लटकलेत, प्रत्येकाचा रंग ठरवून दिलेला होता, सासऱ्यांचा निळा. ते कुणी काढतही नाही आणि त्याबद्दल कुणी बोलतही नाही.

सासरे २०२१ मध्ये गेले. हॉस्पिटलमध्येच, शेवटी भेटू दिलं नाही कुणालाच. नणंद परदेशात, विमानं बंद, तिने सगळं व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि तेही नेट मधेच तुटलं. आता ती पुढच्या महिन्यात येतेय, त्यानंतर पहिल्यांदाच. सासूबाई या विषयावर तेव्हापासून अवाक्षर बोललेल्या नाहीत, नवऱ्याचं म्हणणं झालं ते झालं, आता उकरून काय मिळणार. आणि मोठा मुलगा, तेव्हा सहा वर्षांचा होता, परवा सगळे जेवायला बसलेलो तर एकदम म्हणाला लॉकडाऊन किती मस्त होता ना, आजोबा दिवसभर माझ्याशी पत्ते खेळायचे, मुद्दाम हरायचे. सासूबाई ताटावरून उठून गेल्या. पोराचा काय दोष सांगा, त्याच्या आयुष्यातला तो खरोखरच सुखाचा काळ होता, आजोबा पूर्ण दिवस त्याच्या वाट्याला आलेले. धाकटी २०२० च्या शेवटी झाली, तिला तर ते फक्त फोटोतले.

मला फार वाटतं की हे सगळं लिहून, रेकॉर्ड करून ठेवावं, नणंद येतेय तर सगळे एकत्र असताना. पण मला वाटतं म्हणून सासूबाईंना बोलायला लावणं बरोबर आहे का? कुणी केलंय का घरात असं काही? आणि सासऱ्यांचा फोन तसाच ड्रॉवरमध्ये बंद पडून आहे, सिम कधीच बंद झालं, त्याचं काय करावं तेही कळत नाहीये.

---

जुना_रेडिओ

ताई, बाकीचं नंतर, आधी तो फोन बाहेर काढा. माणसं थांबतील पण बॅटरी थांबत नाही. बरेच महिने बंद राहिलेल्या फोनची बॅटरी फुगू शकते, मागचं झाकण उचललेलं दिसलं तर चार्जिंगला अजिबात लावू नका, सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि सांगा की आतला डेटा हवाय, फोन नकोय.

व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं नाही की कंपनी ते काढून टाकते, त्यामुळे त्यांचं खातं आता नसणारच. पण घाबरू नका, फोनमध्ये उतरलेलं जे आहे ते ॲप काढत नाही तोवर फोनमध्येच राहतं. म्हणून कुणालाही त्यातलं ॲप अनइन्स्टॉल करू देऊ नका, फोन रिसेट करू देऊ नका, "जरा अपडेट मारतो" असं म्हणणाऱ्या भाच्याला तर हातच लावू देऊ नका. फोन सुरू झाला की एअरप्लेन मोडवर टाका आणि अँड्रॉइड असेल तर केबलने कॉम्प्युटरला जोडून व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरमधलं व्हॉइस नोट्सचं फोल्डर आख्खंच्या आख्खं कॉपी करा.

दुसरं म्हणजे त्यांनी तुम्हाला सगळ्यांना पाठवलेलं तुमच्या फोनांत पण आहे. प्रत्येकाने त्यांचं चॅट उघडून एक्सपोर्ट चॅट करायचं, फोटो ऑडिओसकट केलं तर साधारण शेवटचे १०,००० मेसेज येतात आणि नुसता मजकूर घेतला तर ४०,००० पर्यंत. दोन्ही करून ठेवा. कुणी मधल्या काळात डिसअपिअरिंग मेसेज, म्हणजे ठराविक दिवसांनी आपोआप पुसले जाणारे, सुरू केले असतील, ती सोय नोव्हेंबर २०२० मध्ये आलीय, तर त्या चॅटमधलं बरंच गेलेलं असू शकतं, ते दुसऱ्या कुणाच्या फोनात फॉरवर्ड होऊन पडलंय का बघा. नणंदेच्या फोनात सगळ्यात जास्त निघेल बघा, लांब राहणाऱ्या मुलीला वडील जास्त व्हॉइस नोट्स पाठवतात. माझ्या वडिलांच्या नोट्समध्ये सुरुवातीला कायम दोन सेकंद नुसता श्वास आणि मग "हां, ऐक" असं येतं. फोटो पुष्कळ आहेत माझ्याकडे, पण हे "हां, ऐक" फक्त तिथेच आहे.

---

शांत_दुपार

मी गेली बरीच वर्षं जवळचं माणूस गेलेल्या कुटुंबांसोबत काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सासूबाईंना बसवून "बोला, मन मोकळं करा" हे कृपा करून करू नका. हे माझं नुसतं मत नाही, पूर्वी मोठ्या आपत्तीनंतर लोकांना एकदाच बसवून सगळं बोलायला लावायची पद्धत होती, त्याच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने घेतला तेव्हा त्याचा फायदा दिसला नाहीच, उलट काही जणांना त्रास वाढलेला दिसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत पण हेच सांगितलंय, जवळ बसा, ऐका, बोलायची जबरदस्ती करू नका.

पण म्हणून घरात विषयच काढायचा नाही असंही नाही हं. तुमच्या सासूबाई गप्प का आहेत ते आपल्याला माहीत नाही. त्या काळात गेलेल्या माणसांच्या घरच्यांकडून मी एक गोष्ट फार ऐकलीय, "मी तिथे नव्हते". त्यांचा हात धरता आला नाही, तोंड नीट बघता आलं नाही, चार माणसं घरी येऊन बसली नाहीत. दुःख करायलाच जागा मिळाली नाही आणि आता बाहेर सगळं पूर्ववत झालेलं बघताना ते जास्त टोचतं, कारण तेव्हा निदान सगळं जग थांबलेलं होतं. मेमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज दिला की २०२० आणि २०२१ मिळून जगात एरवी होतात त्यापेक्षा जवळपास १ कोटी ४९ लाख जादा मृत्यू झाले. त्यातल्या कितीतरी घरांत हीच शांतता असणार.

नातवाने काढलेला विषय वाईट नव्हता. त्याला गप्प बसवू नका, नाहीतर आजोबांचं नाव काढलं की आजी उठून जाते एवढंच तो शिकेल. त्याला बाजूला घेऊन सांगा की तुला ते आठवतात हे छान आहे, आजीला आठवलं की रडू येतं, दोन्ही चालतं.

आणि एक लक्ष ठेवा. त्यांची झोप, खाणं, रोजची कामं, माणसांत मिसळणं हे सगळंच जर अजून विस्कटलेलं असेल, रोज तीव्र ओढ लागून दिवस जात नसेल, तर याला दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाचा आजार म्हणतात आणि यंदा १ जानेवारीपासून लागू झालेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तो आलाय, किमान सहा महिने उलटून गेलेत ही त्यातली एक अट आहे. त्यावर उपचार आहेत, चांगले आहेत. नुसत्या गप्प असतील पण बाकी दिनक्रम नीट असेल तर मग त्यांच्या गतीने जाऊ दे.

---

घाटवाट

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. सगळ्यांना एकत्र बसवून रेकॉर्डिंग नका करू.

आमच्याकडे आई गेली तेव्हाचं असंच बोलायला बसलो, सगळे चांगल्या मनाने, आणि पंधरा मिनिटांत गाडी "तेव्हा दाखल करायला उशीर कुणी केला" वर आली. मोठा भाऊ म्हणे मी आदल्या रात्रीच म्हणालो होतो, बहीण म्हणे तू काही म्हणाला नव्हतास, वहिनी रडायला लागल्या. खरं सांगायचं तर तेव्हा कुणाला काही कळत नव्हतं, बेड नव्हते, फोन लागत नव्हते, डॉक्टर पण रोज नवीन शिकत होते. पण घरात एकदा हिशोब सुरू झाला की तो मिटत नाही, भाऊ आणि बहीण आजही एकमेकांशी तुटक बोलतात. तुमची नणंद इतक्या दिवसांनी येतेय, ती इथे नव्हती, तिच्या मनात प्रश्न असणारच की नक्की काय झालं, आणि तुमच्या नवऱ्याला प्रत्येक प्रश्न आरोप वाटणार. तिला आधी नुसतं घरी येऊ दे. वडिलांच्या खुर्चीजवळ बसू दे. वहीबिही नंतर.

---

पाटी_पेन्सिल

घाटवाट यांचं पटतंय मला, आणि त्यावरच एक मार्ग सांगते. एकत्र बोलायच्या आधी प्रत्येकाने एकट्याने लिहायचं.

मी शाळेत शिकवते, आठवणींवर वाचायची आवड आहे. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान कोसळलं, दुसऱ्याच दिवशी उलरिक नायसर आणि निकोल हार्श या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तू कुठे होतास, कुणी सांगितलं. जवळपास अडीच वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारलं तर कितीतरी जणांची उत्तरं पहिल्याशी जुळेनात आणि तरी ते अगदी ठाम होते. स्वतःच्या अक्षरातला कागद समोर ठेवला तरी मूळ आठवण परत आली नाही. म्हणजे घाटवाट, तुमचे भाऊ आणि बहीण दोघंही खोटं बोलत नसतील हो, दोघांनाही तसंच आठवत असेल. त्यात एकत्र बोललो की जो मोठ्याने बोलतो त्याची आठवण सगळ्यांची होते. म्हणून आधी वेगळं लिहा, एकमेकांचं दुरुस्त करू नका. नवऱ्याच्या वहीत मंगळवार आणि नणंदेच्या वहीत बुधवार असला तर असू दे.

आणि "काय झालं" हा प्रश्नच नको. लहान लहान विचारा. घरात कुणाची जागा कुठली होती? ऑनलाइन शाळा कुठल्या कोपऱ्यात चालायची? बाहेरून आणलेलं सामान कुठे ठेवायचे, कोण धुवायचं? ब्रिटनमध्ये मास ऑब्झर्वेशन नावाचा प्रकल्प आहे, १२ मे १९३७ ला त्यांनी साध्या लोकांकडून त्या एका दिवसाची डायरी मागवली होती, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, तसंच १२ मे २०२० ला पण मागवली. मोठं काही लिहायचं नाही, फक्त एक दिवस. सासरे बरे होते तेव्हाचा एखादा साधा दिवस प्रत्येकाने लिहा.

तुमच्या मुलाचं तर या आठवड्यातच घ्या, नणंदेची वाट बघू नका. सहा वर्षांच्या मुलाला बरंच आठवतं पण पुढे त्यातलं पुष्कळ पुसलं जातं. धाकटीला त्या काळातलं स्वतःचं असं काहीच आठवणार नाही, माणसांच्या पहिल्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयापासूनच्या असतात. तिच्याकडे पुढे जे काही असेल ते भावाने सांगितलेलं असेल.

१९१८ च्या फ्लूच्या साथीत जगभरात किमान ५ कोटी माणसं गेली असं मानतात. आमच्या पणजोबांचे दोन भाऊ त्यात गेले, एवढंच एक वाक्य आमच्यापर्यंत आलंय. त्यांची नावं घरात आज कुणालाच माहीत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, कुणीतरी चार ओळी लिहायला हव्या होत्या.

---

ओली_माती

थोडं वेगळं. सासऱ्यांचे कपडे धुऊन टाकले नसतील तर एखादा तसाच बंद पिशवीत ठेवा.

मला आजारात वास यायचा बंद झाला आणि परत येताना विचित्र झाला, ओळखीचे वास जळकट यायला लागले. डॉक्टरांनी वासाचा व्यायाम दिला, गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, रोज दोन वेळा एकेक हुंगायचा आणि तो वास मनात आठवायचा, निदान १२ आठवडे. हळूहळू येतोय. पण त्या काळात कळलं की आईची शाल हातात आहे आणि ती आईची वाटतच नाही. रंग तोच, वीण तीच, काठाला तिने घातलेला टाका पण तोच. वासाची वाट मेंदूत भावना आणि आठवणींच्या भागाला फार थेट जाते म्हणतात, मला ते ती वाट बंद झाल्यावर पटलं. ज्या दिवशी शालीला पुन्हा किंचित तिचा वास आला त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्याबद्दल बहिणीशी धड बोलू शकले. वही, रेकॉर्डिंग सगळं करा, पण सासूबाईंना कदाचित एखादी वस्तूच पुरेल.

---

मधली_सून

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, दोन-तीनदा वाचलं सगळं. एकत्र बसवायचा बेत मी रद्द करतेय. नवऱ्याला घाटवाट यांचं उत्तर वाचायला दिलं, काही बोलला नाही पण रात्री म्हणाला की मी लिहीन, कुणी वाचायचं नाही एवढ्या अटीवर. मी हो म्हटलं. सासूबाईंना काहीच विचारलेलं नाही. त्यांचा दिनक्रम तसा नीट आहे, शांत_दुपार ताई, पण लक्ष ठेवीन.

फोन काढला. झाकण सपाट आहे, फुगलेलं नाही, चार्ज झाला. पॅटर्न लॉक होतं आणि ते कुणालाच माहीत नव्हतं, नवरा म्हणाला आता काही खरं नाही. पोरगा मागून आला आणि त्याने बोट फिरवून उघडला, आजोबांनी त्याला शिकवून ठेवलेलं गेम खेळायला. त्यात एकशे काहीतरी व्हॉइस नोट्स दिसतायत, अजून एकही लावली नाही. सासूबाईंनी बघितलं की फोन सुरू झालाय, म्हणाल्या मुलगी आली की लावा. एवढंच म्हणाल्या.

जुना_रेडिओ, एअरप्लेन मोडवर टाकलाय. मीडिया फोल्डरमध्ये आठवड्याआठवड्याची वेगळी फोल्डर्स दिसतायत, ती सगळी तशीच उचलायची की फाईली एकत्र करू?

---

जुना_रेडिओ

तशीच उचला, एकत्र करू नका, फोल्डरच्या नावात वर्ष आणि आठवड्याचा आकडा असतो, तीच तुमची तारीख. दोन ठिकाणी कॉपी ठेवा, एक कॉम्प्युटरवर आणि एक पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह नणंदेला देऊन टाका.