रोजच्या कामाला आणि विमानात केबिनला एकच सॅक: किती लिटरची घ्यावी?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

नमस्कार मंडळी. एकच सॅक घ्यायची आहे, दोन्हीकडे चालणारी.

रोजचा वापर: घर ते एमआयडीसी दुचाकीवर. आत १५.६ इंची लॅपटॉप, चार्जर, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, जून ते सप्टेंबर रेनकोट.
दौरा: महिन्यातून एक-दोन वेळा, दोन-तीन रात्रींचा. कधी एसटीने पुण्याला जाऊन तिथून विमान, कधी रेल्वे. चेक-इन बॅग करायची नाही, सगळं केबिनलाच न्यायचं.

दुकानात ३० लिटरपासून ४५ लिटरपर्यंत सगळ्याच सॅकना ‘केबिनला चालते’ म्हणतात. उंची ५ फूट ५ इंच, बजेट ४ हजारांपर्यंत. किती लिटर, कुठलं कापड, चेन कशी बघायची? पावसाचं काय करायचं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

कृष्णाकाठ (सांगली)

दादा, लिटर नंतर बघा. आधी दोन आकडे बघा: रिकाम्या सॅकचं वजन आणि तिची जाडी. केबिनला सॅक अडते ती या दोन्हींमुळे.

इंडिगोची केबिनची मर्यादा ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर आणि ७ किलो. बाकीच्या देशांतर्गत कंपन्यांचा इकॉनॉमीचा आकडाही साधारण ७ किलोच असतो, पण भाड्याच्या प्रकारानुसार फरक पडतो, म्हणून तिकिटावरचा नियम वाचूनच निघा. आता तुमचंच सामान मांडून बघा:

सॅक १.१ किलो
लॅपटॉप २.०
चार्जर ०.४
पॉवर बँक ०.४
शर्ट-पँटचे दोन जोड १.३
आतले कपडे, पातळ टॉवेल ०.६
दाढी-आंघोळीचं ०.५
चप्पल ०.३

झाले ६.६ किलो. वर अर्धा किलो कंदी पेढे घेतले की ७.१! तीच सॅक रिकामी १.८ किलोची असेल, तर पेढ्यांआधीच ७.३ होतात. म्हणून १.२ किलोच्या वरची सॅक तुमच्या कामाची नाही, मग ती कितीही दणकट असू दे. ४० लिटरच्या प्रवासी सॅक बहुतेक दीड किलोच्या आसपास किंवा वरच असतात, कारण फ्रेम, जाड कंबरपट्टा आणि जास्तीचे कप्पे.

जाडीचं असं की लेबलवर २२ सेंटीमीटर लिहिलेलं असतं ते रिकाम्या सॅकचं माप. पुढचा कप्पा ठासून भरला की ती सहज २८ वर जाते आणि विमानतळावरच्या मापाच्या चौकटीत शिरत नाही. दोन्ही बाजूंना वर-खाली आवळायचे पट्टे आहेत का बघा. हे पट्टे तुमच्या दुहेरी वापरासाठी अत्यावश्यक आहेत. दौऱ्याला सैल सोडायचे, रोज ऑफिसला जाताना आवळून सॅक चपटी करायची. ते नसले की रोज अर्धी रिकामी सॅक पाठीवर लोंबकळते आणि वजन मागे ओढतं.

तर लिटर: २६ ते ३०. २२ मध्ये दौऱ्याचे कपडे बसत नाहीत. ३५ च्या वरची रोज दुचाकीवर नको.

उघडण्याची पद्धत सुटकेससारखी, म्हणजे तीन बाजूंनी चेन आणि सॅक पुस्तकासारखी आडवी उघडते, अशी घ्या. वरून तोंड असलेल्या ट्रेकच्या सॅकमध्ये तळातला शर्ट काढायचा तर सगळं उपसावं लागतं. पण एक बघा, चेन तळापर्यंत जाऊ नये. तळाच्या चार-पाच बोटं वर थांबली पाहिजे. नाहीतर उभी सॅक उघडली की डबा पायावर.

लॅपटॉपचा कप्पा पाठीला चिकटून हवा, पुढच्या बाजूला नको. १५.६ इंची लॅपटॉप साधारण ३६ × २५ सेंटीमीटरचा असतो आणि सॅकमध्ये उभा जातो. सगळ्यात महत्त्वाचं, त्या कप्प्याचा तळ सॅकच्या तळापासून दोन-तीन सेंटीमीटर वर, अधांतरी शिवलेला हवा. तपासायचं कसं? लॅपटॉप आत ठेवा, सॅक उचला आणि बाहेरून तळाला हाताने दाबा. लॅपटॉपची कडा बोटाला लागली तर ती सॅक ठेवून द्या. एसटीत सॅक खाली आपटली की तोच कोपरा फुटतो.

---

दोरा_आणि_रनर (सांगली)

वर वजनाचं बरोबर सांगितलंय. मी शिलाई आणि चेनचं सांगतो, कारण दुरुस्तीला येणाऱ्या सॅक बघितल्या तर कापड फाटलेल्या कमी, चेन आणि पट्टा गेलेल्या जास्त.

चेन: रनर (चेन सरकवायची कडी) उलटा करून मागं बघा, बऱ्याचदा आकडा कोरलेला असतो. मुख्य कप्प्याला ८ नंबर हवा, छोट्या कप्प्यांना ५ चालतो. हा आकडा म्हणजे बंद चेनच्या दातांची साधारण रुंदी मिलिमीटरमध्ये. मोठ्या कप्प्याला ५ नंबर लावून पैसे वाचवलेल्या सॅक पुष्कळ आहेत. ठासून भरल्या की कोपऱ्याच्या वळणावर चेन ताणते. वायकेकेची चेन असेल तर चांगलंच, पण खरी कसोटी हातात: सॅक अर्धी भरून, एका हाताने, दुसऱ्या हाताचा आधार न देता, कोपऱ्यावरून रनर फिरवा. अडकला तर तिथं आतलं अस्तर चेनच्या फार जवळ शिवलेलं आहे. ते पुढं रोज अडकणार.

चेन लावली तरी मागून उघडत जाते, तेव्हा लोक म्हणतात चेन गेली. बहुतेक वेळा चेन ठीक असते, रनरचं तोंड सैल झालेलं असतं. पकडीने रनरच्या मागच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबायच्या, एक बाजू, मग दुसरी, आणि प्रत्येक दाबानंतर ओढून बघायचं. जोर लावलात तर रनर तडकतो. दोन-तीन वेळा असं केल्यावर मात्र नवा रनर टाकून घ्यावा, किरकोळ खर्चात होतं. धूळ बसून चेन जड झाली तर तेल घालू नका. तेलावर आणखी धूळ चिकटते. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासा, वाळवा आणि साधी मेणबत्ती दातांवर फिरवा.

पट्टा: खांद्याचा पट्टा पाठीला जिथं जोडलाय, तिथं सॅक आतून उलटी करून बघा. पट्टा नुसता दोन कापडांच्या शिवणीत खोचलेला असेल आणि वरून एकच टीप असेल तर सहा-आठ महिन्यांत उसवतो. चौकोन आणि त्यात फुली अशी टीप हवी, किंवा जवळजवळ मारलेली जाड आडवी टीप. वरच्या हँडललाही तेच. लोक सॅक उचलतात ती हँडलला धरून, झटक्यात, आणि सगळा हिसका तिथं बसतो.

पट्ट्यातला फोम अंगठ्याने तळापर्यंत दाबा आणि सोडा. लगेच फुगून वर आला तर ठीक. खळगा राहिला तर तो स्वस्त स्पंज आहे, पावसाळ्याभरात चपटा होऊन खांद्यात दोरीसारखा रुतेल.

कापड: ६०० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिस्टर रोजच्या वापराला पुरेसं आहे. ४२० डेनियरचं नायलॉन त्याहून हलकं असून घासण्याला चांगलं टिकतं, पण महाग. १६८० डेनियर दणकट खरं, पण जड. तुम्हाला ७ किलोत बसायचंय, म्हणून तिकडं जाऊ नका. नुसता आकडा बघून मात्र फसू नका. कापड उजेडासमोर धरा, विणीतून ठिपके-ठिपके दिसले तर आतला पाणी अडवणारा लेप पातळ आहे.

---

घाटपाऊस (सातारा)

पावसाबद्दल. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे भुरभुर सोसणार, इतकंच. आपल्याकडच्या आषाढातल्या पावसात कुठलीही शिवलेली सॅक पाणी आत घेते, कारण पाणी कापडातून नाही, सुईच्या भोकांतून आणि चेनमधून शिरतं.

रेन कव्हर घ्याच, पण त्याच्यावर विसंबू नका. कव्हर पाठीकडच्या बाजूला उघडं असतं. रेनकोटवरून ओघळलेलं पाणी पाठीच्या फोममध्ये मुरतं, तिथून लॅपटॉपच्या कप्प्यात. आणि दुचाकीवर वेग वाढला की वारा कव्हरच्या आत शिरतो, कव्हर फुग्यासारखं फुगतं आणि इलॅस्टिक सुटून उडून जातं. कव्हरला मधून बांधायचा पट्टा किंवा बकल असेल तरच ते दुचाकीचं.

खरा बंदोबस्त आतून. एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी सॅकमध्ये अस्तरासारखी उघडून ठेवा, कपडे-कागद तिच्यात, तोंड पिळून दुमडायचं आणि जाड रबर लावायचं. लॅपटॉपला वेगळी, त्याच्या मापाची. हे दोन थर असले की कव्हर उडालं तरी काळजी नाही.

दुचाकीवर पट्टे चालण्यापेक्षा थोडे सैल करा, म्हणजे सॅकचा तळ मागच्या सीटवर अलगद टेकतो आणि खांद्यावरचं वजन उतरतं. छातीचा पट्टा लावा, नाहीतर सैल सॅक वळणावर एका बाजूला झुकते. मागची सीट उंच असलेली गाडी असेल तर उलटं करा, पट्टे आवळून सॅक वर घ्या. नाहीतर सीट तिला पुढं ढकलत राहते. आणि लोंबणारे पट्टे गुंडाळून इलॅस्टिकमध्ये अडकवा. मोकळं टोक चाकात किंवा साखळीत गेलं तर जिवावर बेतेल, यात हयगय नको.

भिजलेली सॅक तशीच कपाटात ठेवली की नुसता कुबट वास येत नाही, आतला लेपच चिकट होऊन पापुद्रे सुटायला लागतात. एकदा सुटायला लागला की त्याला इलाज नाही. सगळ्या चेन उघड्या ठेवून सॅक उलटी टांगा, पंख्याखाली, उन्हात नाही. वॉशिंग मशीनमध्ये तर कधीच नाही.

---

मिरज_जंक्शन

मला २६ ते ३० लिटर पटत नाही. विमान महिन्यातून एकदा आणि रेल्वे-एसटी त्याहून जास्त असेल, तर ३५ ते ३८ ची हलकी सॅक घ्या आणि बाजूच्या पट्ट्यांनी आवळून वापरा. थंडीत स्वेटर घेतला की एवढी सॅक फुटायला येते. कोयना किंवा महालक्ष्मी एक्सप्रेसला वजनाचा काटा कुणी धरत नाही.

---

कृष्णाकाठ

@मिरज_जंक्शन, फक्त रेल्वे असती तर मीही तेच म्हटलं असतं. पण अडचण पाठीच्या लांबीची आहे. ३८ लिटरची सॅक बऱ्याचदा ५४-५५ सेंटीमीटर उंच असते. ५ फूट ५ इंच उंचीच्या माणसाला ती दुचाकीवर बसल्यावर तळाला सीटवर दाबली जाते आणि वरून हेल्मेटला लागते. मान खाली घालून गाडी चालवावी लागते.

पाठीचं माप घ्यायचं ते असं: मान पुढं वाकवल्यावर मानेच्या मुळाशी हाडाचा उंचवटा लागतो, तिथून कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत, शिंप्याच्या टेपने, दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. ४४-४५ सेंटीमीटर आलं तर सॅकची उंची ४८-५० पर्यंत ठेवा. स्वेटर अंगावर घालून चढायचं, तो सॅकमध्ये कशाला.

---

अजिंक्यतारा_पायथा

फार उपयोगी माहिती, आभार. दोन शंका. डबा गोल स्टीलचा आहे, उसळ असते, तो कुठं ठेवायचा? आणि पुढच्या महिन्यापासून कोल्हापूर विमानतळावरूनही जावं लागणार आहे. तिथं एटीआर (पंख्याचं लहान) विमान असतं, त्यात काही फरक पडतो का?

---

दोरा_आणि_रनर

डबा: गोल डब्याचा व्यास ११-१२ सेंटीमीटर असतो. लॅपटॉप मागं ठेवल्यावर पुढं तेवढी जागा तळाशी उरते का, ते दुकानात डबा नेऊनच बघा. लाजायचं काही कारण नाही. जागा कमी पडली की डबा लॅपटॉपच्या मधोमध दाबून बसतो आणि स्क्रीनवर डाग येतो. डबा तळाला, उभा, तोंड बांधलेल्या पिशवीत, लॅपटॉपच्या कप्प्यात कधीच नाही. उसळीचं तेल अस्तरात मुरलं तर लगेच भांड्याच्या साबणाने स्पंजने पुसा. वाळल्यावर वास जात नाही.

बाजूचा बाटलीचा कप्पा जाळीचा असेल तर त्याची वरची इलॅस्टिक कड बघा. जाळी तिथूनच फाटते. कापडी कप्पा जास्त टिकतो.

---

कृष्णाकाठ

एटीआरमध्ये फरक पडतो. डोक्यावरचे कप्पे मोठ्या विमानापेक्षा लहान असतात. ५५ × ३५ × २५ ची टणक ट्रॉली तिथं बऱ्याचदा बसत नाही आणि विमानाच्या दाराशीच काढून घेऊन सामानाच्या कप्प्यात टाकतात. मऊ सॅक २० सेंटीमीटरपर्यंत आवळलेली असेल तर वर जाते, नाहीतर पुढच्या सीटखाली.

पण तीही काढून घेतली, तर काय? पॉवर बँक सामानाच्या कप्प्यात चालत नाही, ती तुमच्याजवळच राहिली पाहिजे. म्हणून पॉवर बँक, औषधं, पाकीट एका छोट्या पिशवीत, सॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा. दाराशी उभं राहून एका हाताने निघाली पाहिजे. लॅपटॉपही काढून हातात घ्या. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक केबिनला चालते. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते (२० अँपिअर-तास × ३.७ व्होल्ट). तिच्यावरचा छापलेला आकडा पुसट झाला असेल तर तपासणीला अडवू शकतात.

---

घाटपाऊस

एक राहिलं. घरी आणल्यावर लेबल काढू नका. एक लिटरच्या पाण्याच्या सहा बाटल्या भरून आत ठेवा, म्हणजे सहा किलो झाले, आणि सॅक घालून अर्धा तास घरात वावरा, जिना चढा-उतरा, गाडीवर बसून हेल्मेट घालून मान मागं वळवून बघा. काखेत पट्टा घासतोय का, मानेजवळ रुततोय का, ते दुकानातल्या दोन मिनिटांत कळत नाही. खुपलं तर बदलून घ्या. बाटल्यांची झाकणं तेवढी घट्ट लावा, भिजलेली सॅक दुकानदार परत घेत नाही.

---

अजिंक्यतारा_पायथा

शनिवारी टेप, डबा आणि लॅपटॉप घेऊनच दुकानात जातो. पाठीचं माप आत्ता घेतलं, ४४ आलं.