मदत हवी आहे : जहाजावर हाताला दुखापत, कंपनी सही मागतेय

नमस्कार मंडळी. आम्ही दाभोळचे. माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर एबी (एबल सीमन, म्हणजे डेकवरचा अनुभवी खलाशी) आहे. बंदरात जहाज धक्क्याला बांधताना दोर तुटला आणि त्याचा फटका उजव्या मनगटावर बसला. ऑपरेशन परदेशातच झालं, मग कंपनीने घरी पाठवलं. पण मूठ अजून नीट वळत नाही. ज्या हाताने दोर धरायचा तोच हात गेला तर पुढे काय, या काळजीने तो रात्र रात्र झोपत नाही.

आजारपणाचा पगार चालू आहे. २००६च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार तो किमान १६ आठवडे मिळतो, पुढचं माहीत नाही. आता कंपनी ठरावीक रक्कम देऊन ‘पुढे कोणताही दावा नाही’ अशा कागदावर सही मागतेय. अपंगत्वाची टक्केवारी अजून कुणी काढलेलीच नाही! म्हणून मी त्याला थांबवलंय. १९२३च्या कामगार भरपाई कायद्यात (२०२५पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय) दाव्याला दोन वर्षांची मुदत होती, मग एवढी घाई कशाला?

टक्केवारी फक्त कंपनीच्या डॉक्टरचीच धरतात का? पुन्हा जहाजावर जायला वैद्यकीय फिटनेस मिळाला नाही, तर भरपाई वेगळी मिळते का? रत्नागिरी किंवा मुंबईत अशा केस लढवणारे वकील कुणाला माहीत असतील तर कृपया कळवा.