'जाने भी दो यारो'च्या माहितीपानासाठी मदत हवी आहे (नावांचा गोंधळ)

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत ज्येष्ठांसाठी महिन्यातून एकदा जुना सिनेमा लावतात. या वेळी 'जाने भी दो यारो' आहे. सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना एक छापील पान द्यायची पद्धत आहे. या खेपेला ते काम माझ्याकडे आलंय.

एवढं लिहून झालंय: वर्ष १९८३, दिग्दर्शक कुंदन शाह, पैसा एनएफडीसीचा, म्हणजे सरकारच्या चित्रपट विकास महामंडळाचा. दोन होतकरू फोटोग्राफर मुंबईत स्टुडिओ काढतात. 'खबरदार'च्या संपादिकेसाठी बिल्डर तरनेजा आणि आयुक्त डिमेलो यांच्या मागावर राहतात, आणि एका बागेत काढलेल्या फोटोत त्यांना खून सापडतो. पुढचं सांगणार नाही, काही आजी-आजोबा पहिल्यांदाच बघताहेत.

अडलंय ते नावांपाशी. एका लेखात विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा ही पात्रं आहेत, दुसऱ्यात हीच नावं पडद्यामागच्या लोकांत. खरं काय? आमच्यातले एक काका म्हणतात, यात अनुपम खेर आहे. मी दोनदा पाहिला, मला दिसला नाही. त्यांना 'नाही' म्हणण्याआधी खात्री करून घ्यायची आहे. आणि संवाद कोणाचे?

शिवाय 'खबरदार'ची संपादिका शोभा सेन, ते काम भक्ती बर्वेंचं. नसीर, ओम पुरी, पंकज कपूर, सतीश शाह यांच्यावर भरभरून लिहिलेलं मिळतं, भक्तीताईंच्या वाट्याला एखादी ओळ. आमच्या प्रेक्षकांतल्या कितीतरी जणींनी त्यांना मुंबई दूरदर्शनवर बातम्या देताना पाहिलंय. त्यांच्यावर नीट चार ओळी हव्यातच. कोणी सुचवेल का?

प्रतिसाद

ताई, दोन्ही लेख बरोबर आहेत! कुंदन शाहांनी पात्रांना आपल्या सोबत्यांचीच नावं दिली. पडद्यावर नसीरुद्दीन शाह म्हणजे विनोद आणि रवी बासवानी म्हणजे सुधीर. खऱ्या सुधीर मिश्रांनी कुंदन शाहांबरोबर पटकथा लिहिली. खरे विधू विनोद चोप्रा निर्मितीची बाजू सांभाळत होते, आणि महाभारताच्या प्रसंगात दुःशासन झालेत तेही तेच. संवाद रणजित कपूर आणि सतीश कौशिक यांचे. कौशिक तरनेजाचा माणूस अशोक म्हणून दिसतातही.

प्रतिसाद

काकांना चुकीचं ठरवू नका. अनुपम खेर यांनी यात 'डिस्को किलर' नावाची भूमिका केली होती, ती संकलनात गेली. संकलन रेणू सलुजांचं, तेही नाव पानात घ्या. मूळ चित्रीकरण खूप लांबलं होतं, ते आटोपशीर करून हा वेग त्यांनी आणलाय. आणि खुनाच्या त्या बागेचं नाव सिनेमात अंतोनिओनी पार्क आहे. दिग्दर्शक अंतोनिओनींच्या 'ब्लो-अप' सिनेमातही फोटोग्राफरला बागेतल्या फोटोतच खून सापडतो, त्यांना केलेला हा सलाम.

प्रतिसाद

भक्तीताईंसाठी असं काहीतरी लिहा: 'पु. लं.च्या "ती फुलराणी"तली मंजुळा ज्यांनी पाहिली, त्यांना शोभा सेन ओळखायला क्षणभर वेळ लागेल. मंजुळेचा सगळा जोर आवाजात होता. इथे आवाज खाली, चेहऱ्यावर हसू, आणि मनात काय चाललंय याचा पत्ता नाही.' मी ते नाटक शिवाजी मंदिरला पाहिलंय आणि हा सिनेमाही. तीच बाई आहे यावर विश्वास बसत नव्हता. २००१ मध्ये मुंबई-पुणे रस्त्यावरच्या अपघातात त्या गेल्या, त्याची बातमी ऐकली तेव्हा जेवणाचं ताट तसंच राहिलं होतं.

मूळ प्रश्नकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटच्या प्रतिसादातल्या ओळी जशाच्या तशा घेते, आणि डिस्को किलरचं काकांना आजच सांगते. आता एकच राहिलं. आमच्यातल्या चौघांना ऐकू कमी येतं, आणि या सिनेमात संवाद चुकला की सगळं चुकलं. पडद्यावर खाली हिंदी किंवा मराठी ओळी येतात अशी प्रत कोणाच्या पाहण्यात आहे का? शनिवारपर्यंत कळवलंत तर फार बरं होईल.