उत्तर: पाडव्याच्या संध्याकाळच्या ‘उल्का’
वर एकांनी लिहिलंय की २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या संध्याकाळी नागपूरच्या आकाशात दिसल्या त्या उल्का होत्या. नाही हो! उल्का सेकंदाला किमान ११ किमी वेगाने येते, डोळ्याची पापणी लवेपर्यंत विझते. ते जळते तुकडे रांगेने, सावकाश, बराच वेळ दिसत होते. कक्षेतून उतरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला पावणेआठ किमीच्या आसपास, म्हणून. शिवाय चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला भलंमोठं धातूचं कडं पडलंच की.

अभ्यासकांच्या मते तो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा (काम संपल्यावर सुटा होणारा भाग) असावा. असे टप्पे लंबवर्तुळाकार कक्षेत राहतात. पृथ्वीजवळून जाताना दरवेळी विरळ हवा त्यांचा थोडा वेग खाते, कक्षा आकसत जाते. नेमकं कुठे पडेल, हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही. १९७९ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकाचे तुकडेही असेच ऑस्ट्रेलियात पडले होते.

टप्पे असे कक्षेत रेंगाळत राहू नयेत यावर उपाय आहे, फक्त त्यासाठी इंधन राखून ठेवावं लागतं. जानेवारी २०२४ मध्ये उडालेल्या पीएसएलव्ही-सी५८ या रॉकेटचा चौथा टप्पा इस्रोने मुद्दाम ३५० किमीवर उतरवला; २१ मार्चला तो वातावरणात शिरला.